पोपटाची शिस्त

आमच्या घरातला पोपट कुठेही हगायचा. सासूबाई 'घाण करते' म्हणायच्या, मी शाळेतल्या सवयीने 'शी करतो' म्हणायचे. शब्द कुठलाही वापरला तरी पुसायला कापड एकच लागायचं. पलंगाच्या दांडीवर, टीव्हीच्या डोक्यावर, निवडायला घेतलेल्या तांदळात, आणि एकदा तर तपासायला आणलेल्या पहिलीच्या वहीवर. त्या पोराचं शुद्धलेखन चांगलं होतं, मी त्याला शाबासकी देणार होते, त्याआधीच पोपटाने आपला हिरवा-पांढरा शेरा मारला. तेव्हा मी पोट धरून हसले होते. या सगळ्या गोष्टीत हसण्यासारखं तेवढंच होतं, ते आधीच सांगून टाकते.

पोपट माझ्या सासऱ्यांचा. त्यांना आम्ही बाबा म्हणतो. नांदुऱ्याच्या एस.टी. स्टँडवर ते कंट्रोलर होते, म्हणजे गाडी लागली की माइकवरून सांगणारा माणूस. रिटायर व्हायच्या वर्षी वादळात स्टँडमागच्या कडुनिंबावरून एक पिल्लू पडलं. अंगावर धड पीस नव्हतं. बाबांनी ते डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं आणि हरभऱ्याची डाळ चावून चावून भरवलं. असा पोपट पाळायला कायद्याने मनाई आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, आणि गल्लीत चार घरी पोपट आहेत. चौघांनाही लोक मिठ्ठूच म्हणतात. आमच्याला पिंजरा मात्र नव्हता. कुणी विचारलं की बाबा म्हणायचे, "त्याले काऊन कोंडू? त्यानं काय चोरी केली काय?"

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. डोकं शाबूत राहिलं. सगळं समजतं, सगळं आठवतं, पण तोंडातून लांबलचक 'आ' सोडून काही निघत नाही. ज्या आवाजावर अर्धा तालुका गाड्या पकडत होता, तो आवाज एका सकाळी दात घासता घासता गेला. घर इतकं मुकं झालं की फ्रीजचा आवाज ऐकू यायला लागला.

मग आठ-दहा दिवसांनी कळलं की आवाज गेलेला नाही. तो पोपटाकडे आहे. माझी शाळा जळगाव जामोदच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात. सकाळी मी पर्स खांद्याला लावली की पोपट मान ताणून ओरडायचा, "जळगाव जामोद, जळगाव जामोद! चला, बसा लवकर!" आणि दुपारी चारच्या सुमाराला, "च्या मांडला काय व?" शेवटचा 'व' लांबवण्यासकट बाबाच. झटक्यानंतर पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून "मांडते नं" म्हणाल्या आणि दुसऱ्याच क्षणी भिंतीला टेकून खाली बसल्या. बाबा मधल्या खोलीतल्या पलंगावरून ऐकत होते. त्यांच्या ओठाची डावी बाजू हलली. त्यानंतर रोज साडेतीन वाजले की त्यांची नजर पोपटावरून हलायची नाही. स्वतःचा आवाज ऐकायला तो माणूस चार वाजायची वाट पाहायचा, असं मला वाटतं.

म्हणून सांगते, तो पोपट म्हणजे घरातलं पाखरू नव्हतं. तो गेला तर बाबांचं बोलणं दुसऱ्यांदा जाणार होतं.

आणि तो जायची वेळ आली ती महालक्ष्म्यांमुळे. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्या तीन दिवसांत आमचं घर सासूबाईंच्या हातात असतं आणि सासूबाई सोवळ्याच्या हातात. गेल्या वर्षी पोपट महालक्ष्म्यांच्या डोक्यावर बांधलेल्या फुलोऱ्यात शिरला. दोऱ्याने टांगलेली एक करंजी फोडली, एक पापडी पाडली, आणि नैवेद्य दाखवायला सासूबाईंनी हातात पाणी घेतलं त्याच वेळी थोरल्या महालक्ष्मीच्या नव्याकोऱ्या शालूवर ओघळ सोडला. सासूबाईंनी पुन्हा आंघोळ केली. पुरण पुन्हा शिजलं, सोळा भाज्या पुन्हा चिरल्या, आंबील पुन्हा ढवळली. पाहुणे साडेचारपर्यंत उपाशी बसले आणि कुणी चकार शब्द काढला नाही, ते जास्त वाईट होतं.

यंदा आषाढातच सासूबाईंनी ऐकवलं, "या वर्षी त्यानं एक ठिपका जरी पाडला, तं मी त्याले सातपुड्याच्या रानात सोडून येईन. मी कोणाचंच ऐकणार नाही."

माझा नवरा म्हणाला, "तीन दिवस मागच्या पडवीत पिंजऱ्यात ठेवू."

"पिंजऱ्यातून उडत नाही काय त्याची घाण? तिथूनच मी सोवळ्याचं पाणी नेते."

हाताने भरवलेला पोपट रानात दोन दिवस टिकला नसता. ससाण्याने नाही तर मांजराने नेला असता. मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "आई, तो गेला तर बाबांचं काय होईल?"

त्या कणीक मळत होत्या, मळतच राहिल्या. म्हणाल्या, "तुले काय माहीत व पोरी. तो चार वाजता हाक मारते नं, तवा मले रोज एकदा फसवते. रोज."

पण मी हट्टी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे मी शिक्षिका आहे. पहिलीचा वर्ग बावीस वर्षं सांभाळला आहे. जूनमध्ये जी पोरं बसल्या जागी चड्डी ओली करतात, ती दिवाळीपर्यंत करंगळी वर करून, माझ्या 'जा' ची वाट पाहत ताठ बसतात. या गोष्टीचा मला अभिमान होता. माझ्या वर्गासारखा कोरडा वर्ग आमच्या केंद्रातल्या कुठल्याच शाळेत नाही, असं मी चारचौघांत सांगायचे. मी सासूबाईंना म्हटलं, "मी शिकवते त्याला. मला सहा आठवडे द्या."

त्या म्हणाल्या, "पाखराले?"

मी म्हटलं, "पोरांना शिकवलं, पाखराला नाही शिकवणार?" आज हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

फोनवर एक-दोन व्हिडिओ पाहिले. पद्धत सोपी होती. पोपट शी करायच्या आधी दोन पावलं मागे सरकतो, जरा खाली बसतो, शेपूट उचलतो. ते दिसलं की त्याला उचलायचं, ठरलेल्या जागी न्यायचं, एक ठरलेला शब्द म्हणायचा, आणि झालं की बक्षीस. मागच्या पडवीत मी कपडे वाळत घालायचा जुना लाकडी स्टँड ठेवला, खाली वर्तमानपत्र पसरलं. शब्द ठरवला 'कर बरं बाळा'. बक्षीस शेंगदाण्याचं अर्धुक. सकाळी उठल्या उठल्या, शाळेला निघायच्या आधी, आल्यावर, आणि मग झोपेपर्यंत दर वीस मिनिटांनी. दुपारी मी नसले की सासूबाई त्याला पडवीत कोंडायच्या आणि दार लावून घ्यायच्या.

पहिले दोन आठवडे माझी पुरती फजिती झाली. त्याला स्टँडवर नेलं की तो माझ्याकडे मान तिरकी करून पाहायचा, "जळगाव जामोद" म्हणायचा, आणि परत आणला की माझ्याच खांद्यावर कार्यक्रम उरकायचा. पलंगाच्या जागेवरून पडवीचं दार थेट दिसतं. बाबा सगळं पाहत असत आणि त्यांचं अर्ध्या तोंडाचं हसू उमटायचं. झटक्यानंतर इतके दिवस सलग मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी तरी मी तो उद्योग लांबवायला हवा होता.

तिसऱ्या आठवड्यात माझा संयम सुटला. व्हिडिओतली बाई शेवटी काहीतरी सावधगिरीचं सांगत होती. मी तो भाग पुढे ढकलला, कारण मला पोळ्या करायच्या होत्या. मी माझीच पद्धत आणली. स्टँडवर केलं तर दाणा. दुसरीकडे केलं तर टाळी वाजवून जोरात 'अं हं!' आणि बाजारातून आणलेल्या पिंजऱ्यात अर्धा तास. आणि मी न म्हणता केलं, तर स्टँडवर असला तरी दाणा नाही. हे शेवटचं कलम माझं स्वतःचं. परवानगीशिवाय उठायचं नाही, हा माझ्या वर्गाचा पहिला नियम आहे.

पहिल्यांदा टाळी वाजवून मी त्याला कोंडलं, तेव्हा बाबांनी डावा हात वर करून मला थांबवायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, "बाबा, त्याच्या भल्याचंच आहे." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यानंतर ते हसले नाहीत.

पाखरू शहाणं होतं. पाचव्या आठवड्यात तो स्टँडवर जाऊन माझी वाट पाहायला लागला. शेपूट उचललेली, अंग आवळलेलं, नजर माझ्यावर. मी म्हणायचे, "कर बरं बाळा," आणि तो करायचा. शाळेतून यायला उशीर झाला तर सासूबाई सांगायच्या, "दुपारपासून त्यानं काहीच नाही केलं व, कागद कोरा हाये." मी शेजारणींना बोलावून दाखवलं. सासूबाईसुद्धा एकदा म्हणाल्या, "जमलं बाई तुले," आणि मी दिवसभर हवेत होते. त्याचं बोलणं कमी झालं होतं. चारची हाक कधी यायची, कधी नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी म्हटलं, एकदा महालक्ष्म्या होऊ देत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. लघवीसाठी बाबांच्या पलंगाखाली प्लास्टिकचं भांडं असतं. ते सासूबाईंनी किंवा त्यांच्या मुलाने दिलेलं चालतं. माझ्याकडून त्यांनी कधी घेतलं नाही. सुट्टीच्या दिवशी सासूबाई हरिपाठाला गेल्या की मी विचारायचे, "बाबा, काही हवंय?" ते मान हलवून नाही म्हणायचे आणि त्या परत येईपर्यंत पाय आवळून पडून राहायचे. कपाळावर घाम दिसायचा. तो त्यांचा मान होता, मी तो ठेवायचे. म्हणजे कळ काढणं काय असतं, ते माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, रोज पलंगावर पडलेलं होतं. तरी मला दिसलं नाही.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी पहाटे मी पोपटाला स्टँडवर नेलं, शब्द म्हटला, दाणा दिला. मग त्याला पिंजऱ्यात ठेवलं, पिंजरा पडवीच्या कोपऱ्यात सरकवला आणि वरून बाबांचं एक जुनं धोतर टाकलं, म्हणजे गर्दीने बिचकायचा नाही. पेरूची फोड होती, पाण्याची वाटी होती. मग मी सोवळ्यात शिरले. वेगळं वाळवलेलं लुगडं, कुणाला शिवायचं नाही, सोवळ्याबाहेरच्या वस्तूला हात लावायचा नाही. आमच्या सासूबाईंचा आणखी एक नियम आहे, नैवेद्याचं रांधताना बोलायचं नाही. बोललं की थुंकी उडते. त्यामुळे पहिला दिवस फुलोरा तळण्यात मुक्याने गेला. संध्याकाळी हळदीकुंकवाच्या पावलांवरून महालक्ष्म्या घरात आल्या. त्यानंतर मी लांबूनच धोतराचं टोक काठीने उचलून पाहिलं. पिंजऱ्यातला कागद कोरा होता. मी सासूबाईंना खुणेने दाखवला. त्यांनी डोळ्यांनी शाबासकी दिली.

मग केलं कुठं, हा विचार माझ्या मनात आलाच नाही. आजही मी तिथेच अडकते. अंगणवाडीतल्या बाईलासुद्धा सुचला असता असा प्रश्न मला सुचला नाही, कारण मला कोरा कागद हवा होता आणि तो मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारपासून चूल. पुरण, सोळा भाज्या, पडवळाची कढी, आंबील. पन्नासेक माणूस जेवायला. सकाळी दहाच्या सुमाराला बाबांनी पलंगाच्या दांडीवर हात आपटायला सुरुवात केली. आ, आ. सासूबाई सोवळ्यात, मी सोवळ्यात. माझ्या नवऱ्याने भांडं धरलं; त्यात काही नाही. पाणी दिलं, प्यायले नाहीत. कुणीतरी म्हणालं, त्यांना दर्शन घ्यायचं असेल. मग चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून महालक्ष्म्यांसमोर आणलं. बाबा महालक्ष्म्यांकडे पाहीनात. मान मागे, पडवीच्या दाराकडे. एक पाहुणी हळहळली, "काही समजत नाही वाटते आता त्याईले." परत पलंगावर नेलं, तरी हात आपटणं चालूच. आतून नैवेद्याची घाई, बाहेरून हा ठोका. शेवटी नैवेद्य दाखवून झाल्याबरोबर मी सोवळं-ओवळं न पाहता दारात आले आणि ओरडले, "बाबा, दोन दिवस कळ काढा हो! घरभर पाहुणे आहेत!"

सून झाल्यापासून मी त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात दांडीवरून खाली घेतला आणि छातीवर ठेवला. त्यानंतर त्यांनी आवाज केला नाही.

पंगती उठल्या तेव्हा सगळ्यांच्या तोंडी पोपटाचं कौतुक होतं. "गेल्या वर्षी किती धिंगाणा केला होता, यंदा पाहा कसा गुमान हाये!" "मॅडमनं शिकवलं म्हणते." "एक ठिपका नाही व." मी पदराने घाम पुसत हसत होते. कुणीतरी म्हणालं, आमच्या नातवालेही तुमच्याकडे पाठवतो. मी म्हटलं, पाठवा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहुणे पांगले. मी आंघोळ करून साधं लुगडं नेसले, शेंगदाणे घेतले आणि धोतर काढलं. पोपट दांडीवर नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी, कोऱ्या कागदावर, पिसं फुगवून बसला होता. पेरू तसाच वाळला होता. डोळे अर्धे मिटलेले. मी हात आत घातला तर तो चोच न मारता हातावर आला. पाय थंडगार होते. स्टँडवर त्याला उभं राहता येईना, म्हणून मी तळहातावरच धरला आणि कागदावर नेला. मला तेव्हा सगळं कळलं होतं. मी शब्द म्हणायला गेले. पहिल्यांदा नुसता श्वास निघाला. पोपट तसाच थांबून होता, माझ्याकडे पाहत.

मी म्हटलं, "कर बरं बाळा."

त्याने शेपूट उचलली. शिकवल्याप्रमाणे दोन पावलं मागे सरकायचा प्रयत्न केला. मग ते सुरू झालं. आधी काळपट हिरवं, मग पांढरं, मग रक्त. बराच वेळ चाललं. झाल्यावर त्याने मान वळवली आणि दाण्यासाठी चोच उघडली.

मी दाणा दिला. तो त्याला फोडता आला नाही.

माझ्या नवऱ्याने गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते बिचारे म्हणाले, "पाखराचं मले फार नाही समजत. ऊब द्या, गुळाचं पाणी थेंब थेंब पाजा. अन् साहेब, पोपट ठेवायले बंदी हाये, माहीत हाये नं तुम्हाले?" आम्ही ऊब दिली, गुळाचं पाणी पाजलं. ते चोचीच्या कडेने बाहेर आलं. चार वाजले. बाबा पलंगावरून पाहत होते. पोपट काही बोलला नाही.

संध्याकाळी महालक्ष्म्यांच्या अंगावर अक्षता टाकायच्या आधी मी त्याला बाबांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी अंगठा त्याच्या डोक्यावरून फिरवला, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा थांबवला. मी समजले. सासूबाई निरोपाच्या तयारीने सोवळ्यात दारात उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या मागे सरतील. त्या पुढे आल्या, बाबांच्या हातातून त्याला उचललं आणि सोवळ्याच्या पदरात घेतलं. "बोल नं रे," त्या म्हणाल्या, "एक डाव बोल. मांडते मी च्या." आणि मग मेलेल्या पाखरासाठी नव्हे, जिवंत नवऱ्यासाठी त्या हंबरडा फोडून रडल्या. त्या दिवशी त्यांनी पुन्हा आंघोळ केली नाही. महालक्ष्म्या तशाच गेल्या.

जास्वंदीखाली खड्डा केला. फोनवर त्याचा आवाज भरून का नाही ठेवला, असं नंतर खूप जणांनी विचारलं. माझ्या फोनमध्ये एक व्हिडिओ आहे. शेजारणींना दाखवायला काढलेला. त्यात पोपट स्टँडवर गप्प उभा आहे आणि सबंध वेळ एकच आवाज ऐकू येतो, तो माझा.

शाळेत आता करंगळी वर व्हायच्या आधीच मी जा म्हणते. पोरं दिवसभर आत-बाहेर करतात, वर्गाची शिस्त गेली आहे, मुख्याध्यापक दोनदा बोलले. बोलू देत. त्याने काही भरून निघत नाही, हे मला माहीत आहे.

मागच्या रविवारी मी बाबांच्या पलंगाशी वह्या तपासत बसले होते. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. बाबांनी दांडीवर हात आपटला, हळूच, एकदाच. मी धडपडत उठले. त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. मी म्हटलं, "थांबा, आईंना बोलावते." त्यांनी जोरजोरात मान हलवली, नाही. बोट पुन्हा भांड्याकडे.

क्षणभर मला वाटलं, त्यांनी मला माफ केलं. तसं वाटून घ्यायचा मोह फार होता. मी भांडं काढलं, चादरीखाली सरकवलं आणि तोंड फिरवायच्या आधी त्यांच्या डोळ्यांकडे माझी नजर गेली. माफी वगैरे काही नव्हतं. भीती होती. या घरात कळ काढणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी पलंगावरून पाहिलं होतं. दोन वर्षं माझ्यापुढे जपलेला मान त्यांनी त्या दुपारी टाकून दिला होता, आणि तो माझ्यामुळे टाकला होता.

मी भिंतीकडे तोंड करून भांडं धरून उभी राहिले. काही होईना. बराच वेळ काही होईना. मागे वळून पाहिलं तर ते माझ्याकडेच पाहत थांबले होते. माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते मी लिहिणार नाही. मी ओठ दातांत धरले.

चार वाजले होते. आतून सासूबाईंनी विचारलं, हल्ली त्या रोज विचारतात, "अवो, च्या मांडू काय?"

थोड्या वेळाने आत गॅस पेटल्याचा आवाज आला.